गिळलेलं शिर

मंगळवारी अंड्यांचा पुठ्ठा दोन्ही हातांवर तोलत मी अंगणात शिरलो तेव्हा तंबू उभा राहिला होता. तिसऱ्या आणि चौथ्या जिन्याच्या मधे, जिथे एरवी गाड्यांवरून भांडणं होतात, बरोबर तिथे. दुसऱ्या मजल्यावरच्या मायराम आजी रविवारी गेल्या. आमच्या इमारतीत एकोणसाठ बिऱ्हाडं आणि गाड्यांच्या जागा एकवीस; हिवाळाभर ज्यांनी वीतभर डांबरासाठी एकमेकांची सात कुळं उद्धरली, तेच लोक सोमवारी सकाळी निमूट खाली उतरले, गाड्या हलवल्या, आणि चार जागांवर नमद्याचा करडा गोल तंबू चढला. बिश्केकमधे माणसाला पुरेशी जागा मिळते ती मेल्यावर. तंबूच्या दाराशी आजींचे मुलगे, पुतणे, जावई कमरा बांधून, काठ्यांवर ओणवून रांगेत उभे होते, आणि जो येईल त्याच्या हंबरड्याला हंबरड्यानं उत्तर देत होते. मी बाजूनं सटकणार तेवढ्यात एक मोठी काळी गाडी आत आली. आतला इसम जाडजूड, नीट दाढी केलेला; मागून कुणीतरी पुटपुटलं, दातांचा डॉक्टर, आजींचा भाचा. त्यानं गाडी लावली, वाकडी वाटली म्हणून पुन्हा मागे घेऊन सरळ केली, कुलूप लावलं, चार पावलं गेला, परत येऊन दाराची मूठ ओढून पाहिली. मग कोटावर पट्टा आवळला. आणि तिथून, बरोबर दहा पावलांवरून, त्याच्या पोटातून असा आवाज निघाला की माझ्या हातातली अंडी एकमेकांवर किणकिणली. "काळजा गं माझ्या! मावशी गं! तुझं शिर मीच गिळलं!" तो तसाच धावत गेला, काठीवाल्यांच्या गळ्यात पडला, ते ओरडले, हा ओरडला. दोन मिनिटांनी सगळ्यांनी दुआ पुरी केल्याची खूण म्हणून चेहऱ्यावरून तळवे फिरवले, आणि डॉक्टरनं नाक पुसत अगदी साध्या आवाजात विचारलं, "गाडी तिथे चालेल ना? कुणी आरसा नाही ना तोडणार?"

मला हसू आलं. मी लोकांच्या असल्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवतो, त्याची मला खोड आहे. रडण्याच्या आधी कुलूप तपासणाऱ्यांची मनातल्या मनात एक वेगळी यादीच आहे माझी. पण हसू ओठाशी आलं आणि तिथेच थिजलं, कारण ते 'शिर गिळलं'चं वाक्य मी आधी ऐकलं होतं. ऐकलं होतं एवढंच नव्हे, ते मी भाषांतरून दिलं होतं, त्याखाली सही केली होती, आणि आता ते एका जाडजूड फाइलीत सातव्या पानावर रशियन भाषेत बसलं होतं, डॉक्टरच्या वाक्यासारखं मुळीच न दिसणारं: मी त्याला ठार केलं.

जिना चढताना मी पायऱ्या मोजल्या. त्या नेहमीएवढ्याच होत्या. गुरुवारी मला कोर्टात हजर राहायचं होतं, तसा कागद आठवडाभर फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता, आणि मी तो दूध काढताना रोज वाचत होतो: दुभाषी तिन्चतिक ओरोझोविच यांनी जबाबावरील स्वाक्षरीची खात्री पटवून देण्यासाठी. सहीचीच तर खात्री करायची होती. सही माझीच होती. मग घाबरण्यासारखं काय होतं, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मी अंडी ओट्यावर ठेवली. बुबुसारा, माझी बायको, भूगोलाचे पेपर तपासत होती. मी विचारलं, "'तुझं शिर मी गिळलं' असं कुणी म्हटलं तर तू काय समजशील?"

"कोण म्हणालं?"

"खाली. मायराम आजींचा भाचा."

"मग त्यात समजायचं काय? पुरुष म्हणतात तसं. मयताला." तिनं लाल पेननं एक नदी खोडली. "माझे काका आजोबांना म्हणाले होते. आजोबा ब्याण्णव वर्षांचे होते, झोपेत गेले. काकांनी काय त्यांना उशी दाबून मारलं होतं?"

"पण शब्दाचा अर्थ तर—"

"शब्दाचा अर्थ तू बघ बाबा, तू दुभाषी." मग तिनं मान वर केली आणि सहज, चिडवल्यासारखं, पण चिडवणं अर्ध्यात सोडून म्हणाली, "तुला ओळखीचं नसणारच. तू कधी म्हणालाच नाहीस ना."

हे ती माझ्या बापाबद्दल बोलत होती. अकरा वर्षं झाली. कोचकोरला, आमच्या गावी, घरासमोर असाच तंबू होता, आणि मी शहरातून आलेला एकुलता एक मुलगा. रीत अशी की घर दिसलं की गाडीतून उतरायचं आणि तिथूनच ओरडत धावत जायचं. मला ती माहीत होती; पुस्तकात वाचलेल्या पोहण्यासारखी माहीत होती. मी उतरलो, फाटक लोटलं आणि चालत गेलो. काठ्यांवर ओणवलेल्या काकांनी मला उत्तर द्यायला तोंडं उघडली होती. उत्तर द्यायला काही आलंच नाही म्हणून ती एकेक करून मिटावी लागली. ते मिटणं मी मोजलं. सहा तोंडं. एक काका दुसऱ्याच्या कानात म्हणाले, पण मला ऐकू येईल इतपत: "रशियन शाळेनं पोराची जीभ ठेवून घेतली वाटतं." माझ्या नावाचा अर्थ शांतता. बापानं मोठ्या हौसेनं ठेवलेलं. त्या आठवड्याच्या सोमवारी त्यानं फोन केला होता, छातीत जड वाटतंय, शहरातल्या डॉक्टरकडे नेतोस का, आणि मी म्हणालो होतो, शनिवारी येतो. गुरुवारी तो गेला. शनिवारी मी पोचलो होतो, म्हणजे तसं पाहिलं तर शब्द पाळला.

पण मी सातव्या पानाबद्दल सांगत होतो. नोव्हेंबरातली गोष्ट. तपास अधिकाऱ्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, हीटर इतका तापलेला की खिडकी उघडी ठेवावी लागे, आणि उघड्या खिडकीतून सगळ्या शहराच्या चुलींचा धूर आत. दारात एक शिपाई, खोलीत आम्ही चौघं. उर्मात, तपास अधिकारी, तिशीचा, हुशार, त्याचं किरगिझ 'भाकर दे, चहा दे'च्या पुढे न गेलेलं; संशयितासाठी सरकारनं नेमलेला एक वकील, जो फोनवर रंगीत गोट्या फोडत होता; मी; आणि सागिनाली आके, आके म्हणजे दादा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डोंगरातून येऊन शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत मातीचं घर बांधून राहिलेला. चौघंही किरगिझ, आणि मधे रशियन. परक्या कुणाला हे विनोदी वाटेल. आम्हांला वाटत नाही, आमची अर्धी घरं अशीच चालतात. सागिनालीवर तेव्हा खुनाचा आरोप नव्हता, कारण कुणी मेल्याची बातमीच नव्हती. आदल्या दिवशी तो आणि त्याचा कुर्दाश जेक्शेन कोळसा उतरवत होते. कुर्दाश म्हणजे एकाच वर्षी जन्मलेले. अशा दोघांना आमच्यात एकमेकांना काहीही बोलायची मुभा, बायकोवरून, बापावरून, मरणावरून, आणि राग धरला तर तोच हलका ठरतो. दोघं चाळीस वर्षं एकमेकांना 'आधी तू मर' म्हणत आलेले. सागिनालीनं मला सांगितलं ते मी उर्मातला सांगितलं: "जेक्शेन म्हणाला, तुझ्या मयताला मी तुझाच घोडा खाणार, म्हातारा झालाय, आधीच शिजायला टाका म्हणावं. मी म्हटलं, हट्, आधी तू मर. आणि छातीवर थाप दिली. अशी. रोज देतो तशी. त्याच्या पाठीवर पोतं होतं." पोतं मागे गेलं, जेक्शेन पोत्यामागे, आणि रस्त्याकडेच्या पाटाचा सिमेंटचा काठ. शेजारणीनं एवढंच ऐकलं होतं: 'तू मर'. आणि पाहिलं होतं: हात, छाती. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही.

मग उर्मातचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, दोनदा 'हं' म्हणाला, फोन ठेवला आणि मला म्हणाला, "याला सांगा, माणूस मेला. आज सकाळी, दवाखान्यात." आणि मी सांगितलं. जेक्शेन मेला, सागिनाली आके. तीन शब्द आणि एक आदर. मी पत्ता सांगावा तसं सांगितलं. आता मंगळवारी, स्वयंपाकघरात बसून, मला आठवलं की अशी बातमी आमच्यात कुणी अशी देत नाही. चार म्हातारी माणसं जातात, बसतात, इकडचं तिकडचं बोलतात, उंच झाडाचं, तळ्यावरून उडालेल्या हंसाचं, आणि ऐकणाऱ्याला हळूहळू आपोआप कळतं की आपल्याला कशाबद्दल सांगतायत. म्हणजे माझी पहिली चूक भाषांतराच्या आधीच झाली होती. पण ती कुठल्या पानावर नव्हती.

सागिनाली उठून उभा राहिला. खुर्ची फिरवून तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकले. मग एक हात कमरेकडे गेला आणि तिथे चाचपडायला लागला. दारातला शिपाई लगेच पुढे आला, कारण कमरेकडे जाणारा हात त्यांच्या धंद्यात एकाच गोष्टीसाठी जातो. आणि सागिनाली ओरडला. मी ते ओरडणं मनाविरुद्ध पाच महिने जपून ठेवलं होतं असं आता दिसतं, कारण ते जसंच्या तसं बाहेर आलं: काळजा रे माझ्या, तुझं शिर मीच गिळलं. शिपायानं त्याला खांद्याला धरून बसवलं. उर्मातची बोटं कळफलकावर होती. "काय म्हणाला? लवकर. पूर्ण वाक्यात सांगा." मी एक श्वास थांबलो. हे नक्की आठवतं, एक श्वास, कारण उर्मातनं भुवया उंचावल्या. आणि मी म्हणालो, "मी त्याला ठार केलं." वकिलानं गोट्या फोडायच्या थांबवून सही केली. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, तीही उर्मातनं टंकली: संशयिताने कमरेकडे हात नेण्याचा प्रयत्न केला, त्यास आवरण्यात आले.

तो एक श्वास कसला होता, हेच मला कळेना. मंगळवार दुपारपासून बुधवार सकाळपर्यंत मी त्या श्वासात पुन्हा पुन्हा जात होतो आणि प्रत्येक वेळी आत वेगळंच काही ठेवलेलं सापडे. एकदा वाटे, मला तेव्हा अर्थ माहीत नव्हता, मी शहरातला, शब्दकोशातला माणूस. शब्दकोश काढला. त्यात होतं: शिर गिळणे, कुणाच्या मृत्यूस कारण होणे. म्हणजे मी चुकलो नव्हतो. पण खाली बारीक अक्षरात दुसरा अर्थ होता, विलापात, मयतास उद्देशून. तो मी त्या वेळी वाचलेला होता का? परीक्षेसाठी मी हा शब्दकोश दोनदा संपवला होता. मग वाटे, मला माहीत होतं, आणि ते सांगायला लागलं असतं तर हंबरडा म्हणजे काय, तो कुठून येतो, हे सगळं उर्मातला रशियनमधे समजवावं लागलं असतं, आणि ते समजवताना कोचकोरच्या फाटकाशी जाऊन उभं राहावं लागलं असतं, म्हणून मी जवळचा शब्द उचलला. मग वाटे, हेही मी आत्ता बसून रचतोय. माणूस स्वतःचा जबाब स्वतःच लिहीत असेल तर तो दर पानाला बदलतो.

बुधवारी मी रायकान एजेंकडे, म्हणजे रायकानताईंकडे, गेलो. सागिनालीच्या मुलींनी तो गोट्या फोडणारा वकील बदलून त्यांना धरलं होतं. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, बुटांच्या दुरुस्तीच्या दुकानावर कचेरी, त्यामुळे त्यांचे सगळे कागद किंचित चामड्याचा वास मारतात. मी काय म्हणतोय ते कळल्यावर त्यांनी किटली ओढली. चहा ओतला. कप अर्धाच भरला, म्हणजे रीत पाळली. राग असता तर काठोकाठ भरला असता आणि मला उठावं लागलं असतं.

"तिन्चतिक, तुला फळ्या माहीत आहेत का?" त्यांनी भिंतीवरच्या मांडणीकडे बोट केलं. "माणूस मेला की कायदा बघतो, हात उचलताना मारणाऱ्याच्या मनात काय होतं. नंतर काय वाटलं ते नाही. रडला, ओरडला, पाया पडला, ते सगळं नंतरचं. वरची फळी: ठार मारायचंच होतं. मधली: इजा करायची होती, मरण आपसूक आलं. खालची: दोन्ही नको होतं, निष्काळजी हात गेला. माझा माणूस खालच्या फळीवरचा आहे. थाप, पोतं, पाट. पण फाइल उघडली की त्याला वर कोण चढवतं? शेजारणीचं 'तू मर' मी खाली आणते. चाळीस वर्षं म्हणत आलेत, अख्खी वस्ती साक्षीला आहे. सातवं पान मला आणता येत नाही. तिथे तो स्वतः म्हणतोय."

"तो म्हणत नाहीये. मी म्हणतोय."

"हो ना?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग उद्या तसं सांग. पण तूही काहीतरी सही केलंयस, विसरू नकोस. जाणूनबुजून खोटं भाषांतर केल्यास शिक्षेस पात्र. ते विचारतील, जाणूनबुजून होतं का. तुलाही फळी लागेल बाबा."

"मला माहीत नाही, एजे."

"काय माहीत नाही?"

"कुठली फळी."

त्या हसल्या, पण छान नाही. "हे बघ, सगळे आरोपी मला पहिल्या दिवशी हेच सांगतात."

मी मूळ शब्द कागदावर किरगिझमधे लिहून दिले. त्यांनी वाचले, ओठ हलवत, मग पुन्हा. मग त्यांनी सातवं पान शेजारी ठेवलं आणि पेनाचं टोक एकदा इथे, एकदा तिथे टेकवलं. "इथे 'तुझं' आहे," त्या म्हणाल्या. "आणि इथे 'त्याला'."

मी पाहिलं. खरंच होतं. क्रियापदावर मी रात्रभर डोकं फोडत होतो, आणि ते छोटं सर्वनाम माझ्या हातून कधी पलटलं ते मला दिसलंच नव्हतं. जबाबात माणूस तपास अधिकाऱ्याला सांगतो: त्याला. सागिनाली उर्मातशी बोलतच नव्हता. माझ्याशीही नाही. त्या खोलीत नसलेल्या पाचव्या माणसाशी बोलत होता. मी त्याचं बोलणं मधेच उचलून दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. हे तर नक्की, पण यानं माझ्या श्वासाचा उलगडा होत नव्हता. सवयीनं पलटलं? सगळेच दुभाषी 'तुझं'चं 'त्याचं' करतात, वाक्य जबाबात बसावं म्हणून. की 'तुझं' हा शब्द माझ्या तोंडून मेलेल्या माणसाला निघतच नाही म्हणून?

गुरुवारी कोर्टात हवा बंद होती. काचेच्या पिंजऱ्यात सागिनाली बसला होता, इतका वाळलेला की मी आधी ओळखलंच नाही. पँट सैल, पट्टा नाही. पट्टा नाही हे मी पाहिलं आणि एकदम लख्ख झालं. पट्टा पकडतात त्याच दिवशी काढून घेतलेला असतो. नोव्हेंबरात तो हात कमरेकडे गेला होता तो पट्टा शोधायला, कमर आवळायला, ओरडायच्या आधी. खुर्चीची पाठ ही काठी होती. त्यानं तिसऱ्या मजल्यावर, चार लोकांत, जे काही हाताशी होतं त्यातून तंबूचं दार उभं केलं होतं. मी समोर बसून तो सगळ्यांना 'हल्ला' वाटू दिला होता. दुसऱ्या बाजूला मृताचे लोक. त्यात एकच म्हातारा, जेक्शेनचा थोरला भाऊ तोकोन, डोक्यावर पांढरी उंच टोपी, गुडघ्यांच्या मधे काठी. तो कुणाकडेच बघत नव्हता.

माझं नाव पुकारलं. सही माझी का? माझी. रायकान एजेंनी विचारलं, मी सांगितलं: विलापाचा शब्द, सर्वनाम, पट्टा, खुर्ची. मी नीट, क्रमानं सांगत होतो आणि सांगता सांगता मला जाणवत होतं की कुणालाच पटत नाहीये, कारण मी फारच नीट सांगतोय. सरकारी वकील उठला. तरणा, गुळगुळीत, बोलताना पेनचं टोपण काढणारा-घालणारा. "म्हणजे दुरुस्ती अशी करायची: 'मी त्याला ठार केलं' ऐवजी 'मी तुला ठार केलं'? आभारी आहे. हे तर जास्त चांगलं आहे." मागे कुणीतरी फिसकन हसलं. "दुभाषी महाशय, तुम्ही पाच महिने गप्प होतात. शब्द तेव्हाही तोच होता. मग तेव्हा जाणूनबुजून चुकलात, की आता?"

"तेव्हा निष्काळजीपणानं," मी म्हणालो. "असं मला वाटतं. मला नक्की सांगता येणार नाही."

"वाटतं," तो कोर्टाकडे बघून म्हणाला.

न्यायाधीश केस पिकलेले, थकलेले, बोटानं फाइलीचा कोपरा उलगडत-मिटत होते. "ध्वनिमुद्रण नाही," ते म्हणाले. "मूळ शब्द फक्त तुमच्या आठवणीत आहेत. मग ते म्हणून दाखवा. जसे म्हटले गेले, तसे."

मी वाक्य म्हटलं. सपाट, साक्षीच्या आवाजात. ते खरोखर कबुलीजबाबासारखंच ऐकू आलं. मलाही.

"तसेच?" न्यायाधीशांनी विचारलं.

तसं नव्हतं. मला ते कळत होतं, आणि तसं कसं म्हणायचं ते मला कधी आलंच नव्हतं. साक्षीदाराच्या समोर एक लाकडी कठडा असतो, छातीपर्यंत. माझे दोन्ही हात त्यावर टेकलेले होते. किती वेळ टेकलेले होते कोण जाणे. हात ज्या रीतीनं टेकले होते त्या रीतीनं पाठ वाकली, आणि पाठ वाकली तशी पोटात कुठेतरी एक दार, जे मी फाटक समजून अकरा वर्षं चालत ओलांडत होतो, ते सुटलं. आवाज माझा नव्हता. जाड होता, कोचकोरचा होता. काळजा रे माझ्या. तुझं शिर. मीच. मधे आणखी एक शब्द आला, तो सागिनाली म्हणाला नव्हता, मी तो म्हणणार नव्हतो, पण तो येऊन गेला. मी कठड्यावर ओणवा होतो आणि मला समोर फक्त लाकूड दिसत होतं, आणि लाकडात एक खिळा.

मग उत्तर आलं. असा आवाज झाला की त्याला अनुत्तरित ठेवायचं नसतं, हे त्या म्हाताऱ्याच्या हाडांत होतं; तोकोन काठीवर उभा राहिला होता, ज्याच्या भावासाठी हा खटला होता तो, आणि ओरडत होता, "भावा रे माझ्या, धाकट्या!" काचेमागे सागिनाली उठला, एका हातानं सैल पँट कमरेशी गोळा करून धरलेली, दुसरा काचेवर, आणि काचेतून त्याचा आवाज लांबच्या घरातून यावा तसा येत होता. हे किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. संपलं तेव्हा तोकोननं तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांचेही तळवे हनुवटीपर्यंत वर आलेले होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते हळूच फाइलीवर ठेवले, जणू तिथेच न्यायचे होते.

कळफलकाशी बसलेली मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "साहेब, हे मी कसं लिहू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरकारी वकिलाचं टोपण हातातच राहिलं होतं. "'त्याला' खोडा," मी म्हणालो. "'तुझं' लिहा. आणि लिहा की हे मयताला म्हटलेलं आहे."

"आणि 'ठार केलं'चं काय लिहू?"

"ते," मी म्हणालो, "रशियनमधे मला येत नाही."

न्यायाधीशांनी सातवं पान पुराव्यातून बाजूला काढायला सांगितलं, आणि आरोपाची फळी, अर्थात त्यांनी फळी हा शब्द वापरला नाही, पुन्हा तपासायला फाइल परत पाठवली. माझ्या भाषांतराची वेगळी चौकशी होईल असंही सांगितलं. रायकान एजे जाताना माझ्या कोपराला धक्का देऊन गेल्या, म्हणजे शाबासकी किंवा ताकीद. सागिनालीला नेताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो तोकोनकडे बघत होता, आणि तोकोन जमिनीकडे.

बाहेर कॉरिडॉरमधे खिडकीशी तोकोन मला गाठून उभा राहिला. माझ्यापेक्षा वीतभर बुटका. काठीचं टोक माझ्या बुटाशी टेकवून म्हणाला, "चांगला ओरडलास रे पोरा. शहरातला असून."

"माफ करा, आके. तुमच्या भावाच्या नावानं—"

"माझ्या भावाच्या?" त्यानं डोळे बारीक केले. "मी मेंढ्या राखून म्हातारा झालोय. कुठलं कोकरू कुठल्या आईला हाक मारतंय ते अंधारात कळतं मला. 'बापा' म्हणालास तू मधे. जेक्शेनला पोरंबाळं नव्हती."

"शनिवारी येतो असं म्हणालो होतो, आके," मी म्हणालो. "सोमवारी फोन आला होता. मी म्हटलं, शनिवारी."

त्याला ना माझा बाप माहीत, ना कोचकोर, ना कुठला सोमवार. पण त्यानं मान हलवली, पूर्ण जबाब ऐकल्यासारखी, आणि मी पुढे काही सांगतोय का याची वाट बघत तिथेच उभा राहिला.